मोटारगाडीतील खंडित विद्युत् दोषांचे निदान

एंजिनाची शक्ती मधूनमधून घटविणारा आणि तपासणीच्या वेळी नेमका नाहीसा होणारा विद्युत् दोष शोधण्याची रीत. चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीसाठी घटमालेवरील प्रज्वलन प्रणाली प्रचारात आणली. तेव्हापासून स्पर्शबिंदू, धारित्र व प्रज्वलन वेटोळे ही अशा दोषांची प्रमुख स्थाने ठरली. कुर्ला (मुंबई) येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही हीच रचना होती. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. अशा उष्णतेत धारित्राचे निरोधन दुबळे पडले, तर ठिणगी क्षीण होते व भार वाढताच एंजिन अडखळते. थंड झाल्यावर मात्र ते पुन्हा सुरळीत चालते. त्यामुळे थंड एंजिनावरील तपासणी फसवी ठरे आणि निष्कारण कार्ब्युरेटर खोलला जाई. दुसरे, चांगले धारित्र लावून पाहणे हीच त्या काळची सोपी व भरवशाची कसोटी होय.

भारतात २०१० नंतर स्वनिदान प्रणाली टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या गाडीत ॲक्सिलरेटरच्या दोन संवेदकांचे संकेत परस्परांशी जुळेनासे झाले की, नियंत्रक शक्ती मर्यादित करतो व दोषांक नोंदवितो. दोषांकावरून मंडल कळते, सैल जोड नव्हे. तारांचा जुडगा हलवून आणि भार असताना व्होल्टतेतील घट मोजून तो शोधावा लागतो. त्यापूर्वीच संवेदक बदलणे बहुधा खर्चिक ठरते.