इंदुरातले घर: वाड्यापासून स्कीम नंबरापर्यंत

जानेवारी 1818 मध्ये इंग्रजांशी मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी होळकरांची राजधानी इंदुरात आली. पूर्वी अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले. इंदूर तोवर मुख्यतः पेठेचे गाव होते. राजधानीपाठोपाठ दक्षिणेतून कारकून, शास्त्री, वैद्य, शिलेदार येत राहिले. त्यांच्यासाठी घराचा प्रश्न म्हणजे दरबारातल्या ओळखीचा प्रश्न होता. ज्याची वर्णी लागली त्याला जागा सरकारातून मिळे. बाकीचे आधी स्थिरावलेल्या आप्ताच्या वाड्यात दोन खोल्या धरून राहत. राजवाड्याच्या आसपास मराठी वस्ती दाटली ती अशी. चौक, ओसरी, माजघर ही घराची ठेवण माळव्यातही तीच राहिली आणि पुढे याच वाड्यांत एकेका खोलीत भाडेकरू आले.

विसाव्या शतकाच्या आरंभी कापडगिरण्यांनी हे गणित मोडले. मालवा, हुकुमचंद आणि इतर गिरण्यांत राबायला आलेल्या माणसाला दरबारात ओळख नव्हती. परदेशीपुऱ्यासारख्या वस्त्या गिरण्यांच्या आसऱ्याने वाढल्या. जुन्या शहराला प्लेगने गाठले होतेच. होळकर दरबारासाठी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. जुन्या मोहल्ल्यांतून सरसकट रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. मोजकी पाडापाड करून हवा-उजेड आणावा, नदी स्वच्छ करावी आणि कामगारांसाठी गिरण्यांजवळ नवी वसाहत आखावी, असे त्यांनी सुचवले. हा अहवाल इंदूरने पुरता अमलात आणला असता, तर शहराचे पुढचे बरेच हाल टळले असते.

1948 मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि 1956 मध्ये मध्य प्रदेश बनला. शहर न सोडताच इथली मराठी कुटुंबे परप्रांतात राहणारी ठरली. दरबारी आधार गेला, तेव्हा नोकरदारांनी गृहनिर्माण संस्थांची वाट धरली. शहराच्या पश्चिम भागातील लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर या वसाहतींत मराठी घरे मोठ्या संख्येने झाली. जुन्या वाड्यांत मात्र 1961 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला चांगलेच संरक्षण दिले. ठरावीक कारणांशिवाय त्याला काढता येत नसे, म्हणून मालक डागडुजीला हात आखडता घेत आणि वाडे खचत गेले.

पाणी हा शहराच्या वाढीचा खरा अडसर होता. 1970 च्या मोठ्या जनआंदोलनानंतर 1978 च्या सुमारास जलूदहून नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरून आले आणि आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूला शहर वेगाने पसरले. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजना इतक्या झाल्या, की लोक आजही पत्ता ‘स्कीम नंबर 54’, ‘स्कीम 78’ असाच सांगतात.

प्राधिकरणाचे बरेच भूखंड लीजवर दिलेले आहेत. घेणाऱ्याने लीजची मुदत, भरलेले लीजभाडे आणि नामांतरण तपासायचे असते. खासगी कॉलनीत खसरा, डायव्हर्शन आणि कॉलनीची मंजुरी पाहावी लागते. सातबारा आणि एन.ए.ची सवय असलेला पुण्या-नाशिकचा माणूस इथेच गोंधळतो. मुद्रांक शुल्काचा आधारही वेगळ्या नावाचा आहे: महाराष्ट्रात रेडी रेकनर, इथे कलेक्टर गाइडलाइन. कॉलनी मंजूर होण्याआधीच भूखंडाचा सौदा नुसत्या डायरीवरच्या नोंदीने करण्याची पद्धत इंदुरात फोफावली होती. अशी डायरी म्हणजे मालकी नव्हे आणि त्यात अनेकांची पुंजी अडकली. 2017 मध्ये राज्यात रेरा प्राधिकरण आल्यावर नोंदणीशिवाय प्रकल्पाची विक्री बेकायदा ठरली.

गिरण्यांची गोष्टही शेवटी जमिनीपाशीच आली. डिसेंबर 1991 मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद गिरणीच्या सुमारे 4,800 कामगारांची देणी डिसेंबर 2023 मध्ये, 32 वर्षांनी चुकती झाली. त्यासाठीचे 224 कोटी रुपये मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाकडून आले आणि त्या बदल्यात गिरणीची सुमारे 42 एकर जमीन विकासासाठी मंडळाकडे गेली.