नागसेनवनातली नोकरी

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला १९८५ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत एडगर शाईन यांचं कार्यसंस्कृतीवरचं गाजलेलं पुस्तक आलं. संस्थापक जे मानतो, तेच हळूहळू तिथे काम करणाऱ्यांच्या अंगवळणी पडतं, हे त्यातलं एक मुख्य सूत्र. या शहराला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला, नागसेनवनात, हे पस्तीस वर्षं आधीच सुरू झालं होतं. फक्त तिथे कारखाना नव्हता, कॉलेज होतं.

जून १९५०. हैदराबाद संस्थान भारतात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नाव पुढे ‘मिलिंद’ झालं. मिलिंद म्हणजे वादात भल्याभल्यांना गप्प करणारा आणि भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारता विचारता त्याचाच अनुयायी झालेला तो ग्रीक राजा. कॉलेज राजाच्या नावाचं, परिसर गुरूच्या नावाचा. अशा ठिकाणी शिकवायला येणाऱ्याने विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उद्धटपणा म्हणायची सोय उरत नाही.

संस्थापकाचा विचार कामात उतरल्याचा पहिला ठसठशीत पुरावा म्हणजे प्राचार्य म. भि. चिटणीस. दलितेतर घरातला हा माणूस इथे नुसता कारभार बघत बसला नाही. त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगणारे आजही बहुतेकदा याच नाटकापासून सुरुवात करतात. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या धर्मांतर सोहळ्याच्या वेळी ते अफाट गर्दीपुढे झालं. प्राचार्यपदाच्या कामांत नाटक लिहिणं कुठून येणार? पण या प्राचार्याला ते आपलं काम वाटलं.

पुढच्या पिढीत म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून, तिथल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य वाचून परतले. ते मिलिंदचे प्राचार्य झाले. नागपूरहून आलेले गंगाधर पानतावणे इथेच मराठी शिकवत होते. या वर्तुळातून १९६७ च्या सुमारास ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघालं आणि लवकरच त्याचं ‘अस्मितादर्श’ झालं. पहिल्यांदाच लिहू पाहणाऱ्या कितीतरी हातांना त्यात जागा मिळाली. पुढे गावोगावी लेखक-वाचक मेळावे भरू लागले. वर्गातली प्रश्न विचारायची सवय अशी वर्गाबाहेर पडली.

कुंपणाबाहेर मात्र ती सहज रुजली नाही. शेजारच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं.

पानतावणे दरम्यान त्याच विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले होते. मिलिंदची नोकरी सुटली, ‘अस्मितादर्श’ सुटलं नाही. निवृत्तीनंतरही, २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यावर दोनेक महिन्यांतच त्यांचं निधन होईपर्यंत, त्याचे संपादक तेच होते.