न जळलेले आरमार

बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरम हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर आहे. येथून पूर्वेचा समुद्र सुमारे ३०० किलोमीटर दूर, आणि पश्चिमेचाही जवळपास तितकाच. या मुलखातले पाणी म्हणजे बांध घालून अडवलेले तलाव. भरती-ओहोटीची येथल्या माणसाला सवय नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी केंपेगौडांचे बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बालवयातील शिवाजीराजांचा काही काळ, १६४० ते १६४२ च्या सुमारास, याच पठारावर गेला. पुढे अवघ्या पंधरा-सतरा वर्षांत त्यांनी कल्याणच्या खाडीत जहाजे बांधावयास घेतली, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. दख्खनच्या पठारावर नांदलेल्या राज्यांनी बंदरांची जकात घेतली, अरबी घोडे विकत घेतले. पण समुद्र स्वतः राखावा असे त्यांतील बहुतेकांना वाटले नाही. पाण्यावरचे राज्य परक्यांचे आणि जमिनीवरचे आपले, अशी जणू वाटणीच झाली होती. ती मोडण्याचा प्रयत्न एका डोंगरी राज्याने केला. तो सुमारे शंभर वर्षे टिकला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत एका दिवसाच्या आगीत त्याचा कणा मोडला.

मराठी मनाला इतिहासातील 'जर-तर' फार प्रिय आहे. परंतु ते बहुधा पानिपताभोवतीच घोटाळते. विश्वासराव पडले नसते तर काय झाले असते, या प्रश्नावर जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा लिहिली. आरमाराविषयी मात्र असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तो अधिक विचारण्याजोगा आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगाल हा जेमतेम दहा-पंधरा लाख वस्तीचा देश. सतराव्या शतकातील हॉलंडही फारसा मोठा नव्हे. अशा चिमुकल्या राष्ट्रांनी आरमाराच्या बळावर अर्ध्या पृथ्वीचा व्यापार हाती घेतला. मग कोकणपट्टीसारखा खाड्यांनी विणलेला, सागवानाने भरलेला आणि भंडारी, कोळी, गाबीत अशा दर्यावर्दी जातींनी गजबजलेला प्रदेश हाताशी असताना मराठ्यांचे आरमार तेथवर का पोहोचले नाही? आणि ते आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळाले नसते, तर पोहोचले असते काय?

प्रारंभ तर दमदार होता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच जहाजबांधणीचे काम सुरू झाले. त्यासाठी पोर्तुगीज कारागिरांचीही मदत घेण्यात आली. पण ही जहाजे उद्या आपल्याच विरुद्ध येतील हे वसईकर पोर्तुगिजांनी ओळखले आणि आपली माणसे तेथून काढून घेतली. काम थांबले नाही. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. पुढच्याच फेब्रुवारीत महाराज स्वतः आरमार घेऊन कर्नाटक किनाऱ्यावरील बसरूरवर गेले. त्या स्वारीत ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे होती, असे समकालीन सांगतात. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर तटबंदी सुरू झाली, तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या तोफा आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचे बळ या दोहोंना न जुमानता मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी बेट राखले. रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त आरमाराला राज्याच्या एका स्वतंत्र अंगाचा मान दिला आणि टोपीकर हे नुसते सावकार नसून त्यांच्या पाठीशी राजसत्ता आहे, असा इशाराही दिला. हा इशारा एका मराठी मुत्सद्द्याने लिहिला, तरी मराठ्यांच्याच पेशव्याने पुढे तो डावलावा, हा या कथेतील खरा सल आहे.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात हे अंग पुष्ट झाले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या तहाने ते शाहू छत्रपतींचे सरखेल झाले. त्यांच्या आरमाराचे दोन आधार होते, गुराब आणि गलबत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे निमुळती व सखल, नाळेवरून सरळ समोर मारा करणाऱ्या तोफा असलेली. गलबत हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की परदेशी जहाज जागच्या जागी खिळून राही. तेव्हा गलबते गुराबांना ओढीत नेत आणि त्या जहाजाच्या पिछाडीला, जेथे तोफा थोड्या असत, तेथे आणून उभ्या करीत. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ही युक्ती अजोड होती. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, तीही फसली. कान्होजींच्या दस्तकाशिवाय किनाऱ्यावरून जाणारे जहाज पकडले जाई. हीच परवान्याची पद्धत पोर्तुगिजांनी दोनशे वर्षे चालवली, तेव्हा ते राज्य ठरले. कान्होजींनी ती चालवली, तेव्हा इंग्रजांच्या दप्तरात तिची चाचेगिरी झाली.

१७२९ मध्ये कान्होजी वारले आणि सत्ता घरातच फुटली. सेखोजी १७३३ मध्ये गेले. मानाजी कुलाब्यास आणि संभाजी विजयदुर्गास अशी वाटणी झाली. संभाजींच्या पश्चात, १७४२ पासून, विजयदुर्ग तुळाजींकडे आला. तुळाजी शूर होते. १७४९ मध्ये त्यांनी 'रेस्टोरेशन' हे इंग्रज जहाज पकडले. १७५४ मध्ये डच कंपनीच्या तीन जहाजांचा फडशा पाडला. परंतु पेशव्यांची सत्ता ते मानीत नसत आणि स्वराज्यातील इतर सरदारांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव होई. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. चुकला तो उपाय. मार्च १७५५ मध्ये रामाजी महादेव यांच्यामार्फत मुंबईकर इंग्रजांशी करार झाला आणि समुद्रावरील युद्धाची सूत्रे इंग्रजांकडे गेली. पुढच्याच महिन्यात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पावसाळ्यानंतर ॲडमिरल वॉटसनचे राजाच्या नौदलातील काफिले आणि दुसऱ्याच मोहिमेसाठी मुंबईस आलेला क्लाइव्ह हे दोघेही आयतेच हाताशी आले.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गापुढे जे घडले ते थोडक्यात असे. तुळाजी स्वतः पेशव्यांच्या छावणीत बोलणी करण्यास गेले होते. किल्ला आपसांतील तहाने पेशव्यांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांनी घाई केली. १२ तारखेच्या तोफमाऱ्यात एक गोळा पकडलेल्या 'रेस्टोरेशन'वरच पडला; ते पेटले आणि शेजारी नांगरलेल्या गुराबा, गलबते एकापाठोपाठ एक पेटत गेली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांतच वाटून घेतली. किल्ला ऑक्टोबरातील तहानंतर पेशव्यांकडे आला, बाणकोट इंग्रजांकडे राहिले, तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. वॉटसन आणि क्लाइव्ह तेथून पुढे मद्रासमार्गे बंगालला गेले. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत मिळाले आणि जूनमध्ये प्लासी झाली.

आरमार असे परक्याच्या हातून नाहीसे होण्याचे दुसरे ठळक उदाहरण युरोपातल्याच एका लहान राष्ट्राचे आहे. १८०७ मध्ये डेन्मार्क तटस्थ होते. पण त्याचे आरमार नेपोलियनच्या हाती पडेल या भीतीने इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, शहर जाळले आणि सारे आरमार ओढून नेले. या मोहिमेत जमिनीवरील लढाई जिंकणारा सेनानी होता आर्थर वेलस्ली, चारच वर्षांपूर्वी असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा. यापुढची हकिकत मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. मोठी जहाजे गेल्यावर डेन्मार्क-नॉर्वेच्या लोकांनी वल्ह्यांच्या लहान तोफनौका बांधल्या आणि वारा पडलेला पाहून त्या इंग्रज जहाजांवर घालू लागले. कान्होजींच्या गलबतांचीच ही युक्ती, दुसऱ्या समुद्रात, दुसऱ्या माणसांनी स्वतंत्रपणे शोधलेली. सात वर्षे त्यांनी इंग्रजांना सतावले. तरी १८१४ मध्ये डेन्मार्कला नॉर्वे गमवावा लागला. लहान नौकांनी किनारा राखता येतो, समुद्र जिंकता येत नाही, हा धडा दोन्ही ठिकाणी एकच आहे. फरक एवढाच की कोपनहेगनला शत्रू न बोलावता आला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. समजा, तो गोळा 'रेस्टोरेशन'वर पडला नसता. समजा, तुळाजींची बोलणी दोन दिवस आधी संपून किल्ला आणि आरमार दोन्ही पेशव्यांच्या हाती सुखरूप आली असती. तर मुंबईच्या दक्षिणेस इंग्रजांना आणखी काही वर्षे जपून वागावे लागले असते, बाणकोट सहजी मिळाले नसते आणि कोकणच्या व्यापाऱ्याला दस्तक कोणाचा घ्यावा हे ठरवताना मुंबईकडे पाहावे लागले नसते. एवढे निश्चयाने म्हणता येते. याहून पुढे जाणे धाडसाचे होईल. प्लासी टळली असती असे म्हणवत नाही, कारण वॉटसनचे काफिले तरीही शाबूतच राहिले असते. दोन-तीन मजली तोफखान्याची, खोल समुद्रात महिनोन्‌महिने टिकणारी जहाजे मराठ्यांनी बांधली नव्हती. चार महिन्यांच्या पावसाळ्यात सारे आरमार खाडीत विसावत असे. शिवकाळापासून हल्ले होऊनही जंजिरा पडला नव्हता, तो शेवटपर्यंत पडला नाही.

तरीही उणीव लाकडाची किंवा हातांची नव्हती. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटणच्या खाडीत खडक कापून केलेली गोदी आहे. सुमारे साडेतीनशे फूट लांबीची ही गोदी आजही पाहावयास मिळते. मुंबईत लवजी नुसरवानजी वाडिया आणि त्यांच्या वंशजांनी त्याच मलबारी सागवानातून इंग्रजांसाठी युद्धनौका बांधल्या. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. म्हणजे लाकूड येथलेच, कारागीर येथलेच. मालक मात्र दुसरा. डचांचे बळही केवळ जहाजांत नव्हते. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीत शेकडो लहानमोठ्या भागधारकांचे भांडवल कायमचे गुंतले होते. एखादा दर्यासारंग मेला तरी ते दुभंगत नसे. कान्होजींचे आरमार मात्र त्यांच्या मृत्यूबरोबर मुलांत वाटले गेले. वतन वाटता येते, म्हणून आरमारही वाटले गेले. आणि वाटलेले आरमार हे आरमार राहत नाही.

१७५६ नंतरही समुद्र सोडला गेला नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. पेशव्यांचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीच्या समुद्रात 'रेंजर' हे इंग्रज जहाज पकडून विजयदुर्गास आणले. जळालेल्या बंदरातून सत्तावीस वर्षांनी पुन्हा असे आरमार निघाले, याचा अर्थ खलाशांनी विद्या विसरली नव्हती. परंतु तोवर पुण्याच्या दरबारात आरमार हे राज्याचे अंग न राहता एका सुभ्याचा खर्च झाले होते. १८१८ मध्ये राज्यच गेले, तेव्हा हा खर्चही थांबला.

म्हणून १७५६ चा दोष एकट्या नानासाहेबांच्या किंवा एकट्या तुळाजींच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असले तरी न्याय्य नाही. एकाने आरमार घराण्याची मिरास मानले, दुसऱ्याने ते बंडखोराचे हत्यार मानले. राज्याचे अंग ते दोघांनीही मानले नाही. जळालेली गुराब दोन-तीन हंगामांत पुन्हा बांधता येते. राजा, सरदार, सावकार आणि खलाशी या सर्वांचे मिळून जे असते, ते आरमार एकदाही पुरते बांधले गेले नाही. आणि जे बांधलेच नव्हते ते जळण्याचा प्रश्नच नव्हता.

१९५१ मध्ये मुंबईतील नौदलाच्या तळाला आंग्र्यांचे नाव मिळाले. २०२२ मध्ये भारतीय नौदलाच्या निशाणावर शिवमुद्रेच्या आकाराची अष्टकोनी चौकट आली. २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही जलदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले. हे सारे सन्मान योग्यच आहेत. परंतु ज्या पठारावरून समुद्र दिसत नाही, तेथल्या माणसालाही समुद्र आपला वाटावा, ही त्या पहिल्या जहाजांमागची कल्पना होती. किल्ले वारशात गेले. ती कल्पना वारशात जाऊन चालणार नाही, ती चालूच राहावी लागते.