खोड्याशेजारचं पोतं

उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८७ सालचं. मी तिथं शिकलो तेव्हा जनावर म्हणजे देवणी, नाहीतर लालकंधारी गाय-बैल. कुत्रं दवाखान्यात क्वचितच यायचं. आलंच, तर बैलांच्या लोखंडी खोड्याशेजारी पोतं अंथरून तपासायचो. "राखणीच्या कुत्र्याला कशाची लस?" मालकच विचारायचे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मात्र घोडे-गाढवांसोबत कुत्र्यांचंही प्रदर्शन. खंडोबाच्या पायाशीच कुत्रं, त्याला कोण हाकलणार?

आता नांदेडात माझ्या टेबलावर लॅब्राडोरचं पिल्लू आहे. पार्व्हो, १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला रोग. पुढच्या पायाला सलाईन, उशाशी आजी. "परवापर्यंत उंबऱ्याच्या आत घेत नव्हते मेल्याला," म्हणते, आणि पडणारे थेंब मोजत बसते.