हँडलवरचा हात

मिलिंग यंत्र ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. लेथवर काम फिरते आणि हत्यार नुसते पुढे सरकते. मिलिंगवर याच्या उलट. दातेरी कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबलावर आवळलेला लोखंडाचा तुकडा त्याच्याखालून हळूहळू सरकवावा लागतो. या सरकवण्याला कारखान्यात ‘फीड’ म्हणतात. छंद म्हणून घरी लहानसे मिलिंग यंत्र बाळगणारी मंडळी हे फीड हँडल फिरवून हातानेच देतात. थोड्याच वेळात मनगट भरून येते. हात क्षणभर अडखळला की कामावर तेथे रेघ उठते. मग कोणी मोटारगाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटार आणून हँडलाच्या जागी जोडतो. तिच्यात वर्म गिअर असतोच, त्यामुळे वेग थोडा आणि जोर पुष्कळ. मध्ये एक क्लच आणि टेबलाच्या दोन्ही टोकांना मोटार बंद करणारे स्विच, एवढी तजवीज केली की टेबल एकसारखे सरकू लागते. हे काम दोन-चार रविवारांचे. परंतु हँडलवरचा हात प्रथम कोणी व कशासाठी काढला, हे पाहू लागलो म्हणजे आपण थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस जाऊन पोहोचतो.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा याच्या कुलपांच्या कारखान्यात हेन्री मॉड्स्ले नावाचा कारागीर होता. आठवड्याला ३० शिलिंग मिळत. वाढ मागितली ती नाकारली गेली, आणि १७९७ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. त्या काळी टर्नर हत्यार बहुधा मुठीत धरून लोखंडावर दाबीत असे. सरकता हत्यारधर मॉड्स्लेच्या आधीही कोठे कोठे होता. परंतु १८०० च्या सुमारास त्याने तो एका लांब स्क्रूला जोडला आणि तो स्क्रू दातेरी चाकांनी लेथच्याच गतीशी बांधून टाकला. चाके बदलली की हव्या त्या अंतराचे आटे पाडता येऊ लागले. फीड हे यंत्राचे काम झाले ते असे.

मिलिंगचा जन्म अमेरिकेतील बंदुकांच्या कारखान्यांतला. एली व्हिटनी याने १८१८ साली पहिले यंत्र केले असे शाळेच्या पुस्तकांत असे. पुढील संशोधकांनी त्यावर शंका घेतल्या आहेत, आणि त्या आम्हांला रास्त वाटतात. शोध एकाच्या नावावर जमा करण्याची घाई इतिहासाला नेहमीच असते.

खरी गोष्ट रंगते ती १८६१ साली. यादवी युद्ध पेटले होते आणि प्रॉव्हिडन्स टूल कंपनी बंदुका करीत होती. बंदुकीच्या निपलला भोके पाडण्यासाठी पिळाचे ड्रिल लागत, आणि त्या ड्रिलांचे नागमोडी खाचे कारागीर पोलादाच्या सळईवर गोल कानशीने, हाताने घाशीत! एक भोक लवकर पडावे म्हणून एवढी घासाघीस. तेथील फ्रेडरिक हाऊ याने जोसेफ ब्राउनपुढे हे गाऱ्हाणे मांडले. ब्राउनने टेबलाचा स्क्रू आणि सळई धरणारे डोके दातेरी चाकांनी एकमेकांस जोडले. टेबल जसे पुढे सरके तशी सळई आपोआप वळे, आणि कटर तिच्यावर पीळ कोरीत जाई. १८६२ च्या मार्चमध्ये पहिले यंत्र विकले गेले. कानस धरणाऱ्या त्या हातांचे पुढे काय झाले हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर याहून मोठा फेर आला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये एक युक्ती निघाली: निष्णात कारागिराने पहिला नग हाताने करावा, त्याच्या हालचाली फितीवर नोंदल्या जाव्यात, आणि पुढचे नग यंत्राने त्या फितीवरून करावेत. दुसरी वाट जॉन पार्सन्सची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळण आकड्यांनी ठरवावे आणि त्या आकड्यांनीच टेबल हलवावे, ही त्याची कल्पना; १९५२ साली एम. आय. टी. मध्ये छिद्रांच्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग यंत्र लोकांस दाखवले गेले. टिकली ती ही दुसरी वाट. पहिलीत कसब कारागिराच्या हाती राहत होते, म्हणून मालकवर्गास ती रुचली नाही, असे डेव्हिड नोबल याने १९८४ च्या ग्रंथात मांडले. आम्हांला त्यात तथ्य दिसते. पण विमानाच्या भागांची काही वळणे अशी होती की पहिला नगही हाताने नीट उतरला नसता, हेही नाकारता येत नाही.

आता पुन्हा त्या घरगुती यंत्राकडे. स्क्रू आणि नट यांत थोडी ढील असतेच. कटरचे दात ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने काम सरकवले, तर कटर ते स्वतःकडे ओढून घेतो. टेबल ढिलाईइतके एकदम पुढे उसळते आणि एखादे वेळी कटर मोडतो. हँडलवर हात असला तर ही ओढ मनगटाला आधीच कळते. वायपरच्या मोटारीला ती कळत नाही. म्हणून जाणते लोक मोटार जोडल्यावरही कटरच्या विरुद्ध दिशेनेच फीड देतात, आणि एक बोट स्विचवर ठेवून, आवाज बदलतो का ते ऐकत यंत्राशेजारी उभे राहतात.