व्यायाम आणि साखरयुक्त आहार

शुद्धीकृत साखरेचे प्रमाण अधिक असलेल्या आहाराचे दुष्परिणाम शारीरिक व्यायामाने भरून निघतात काय, हा पोषणशास्त्र आणि क्रीडावैद्यक या शाखांमधील वादाचा विषय आहे. व्यायामामुळे यांपैकी काही दुष्परिणाम कमी होतात. सर्व मात्र टळत नाहीत. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांमध्ये गुळाचे पदार्थ आणि बसून राहण्याचे सुख ही दोन्ही एकत्रच सांगितली आहेत. आधुनिक काळात ती परस्परांविरुद्ध उभी केली गेली.

उष्मांकांचा हिशेब

१ ग्रॅम साखरेपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात साधारणतः ३० ग्रॅम साखर असते. तिच्यातील ऊर्जा खर्च करण्यासाठी ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे अर्धा तास भरभर चालावे लागते. पेय संपवण्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. शिवाय व्यायाम वाढवला तरी दिवसाचा एकूण ऊर्जाव्यय त्याच प्रमाणात वाढतोच असे नाही. टांझानियातील हाड्झा या शिकारी व अन्नसंकलक जमातीचा अभ्यास हर्मन पाँट्झर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. हे लोक दिवसभर पायपीट करीत असूनही, शरीराचे आकारमान लक्षात घेता, त्यांचा दैनिक ऊर्जाव्यय पाश्चात्त्य शहरवासीयांइतकाच आढळला.

शरीरातील प्रक्रिया

साखरेचे पचन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील ग्लुकोज ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतर चालणे उपयुक्त ठरते. फ्रुक्टोजवर मुख्यतः यकृतात प्रक्रिया होते आणि त्याचे प्रमाण फार झाल्यास तेथे मेद तयार होतो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फ्रुक्टोजयुक्त आहारामुळे निरोगी तरुणांच्या रक्तात होणारी ट्रायग्लिसराइडची वाढ व्यायामाने रोखली गेली. मात्र हा प्रयोग मोजक्या व्यक्तींवर, थोड्या दिवसांचा होता आणि त्यात आहाराची ऊर्जा खर्चाशी जुळवलेली होती. घरच्या ताटात असे मोजमाप क्वचितच होते. दंतक्षयाच्या बाबतीत तर व्यायामाचा काहीच उपयोग नाही, कारण तोंडातील जीवाणू साखरेपासून तेथेच आम्ल तयार करतात.

वाद

२०१५ मध्ये असीम मल्होत्रा, टिम नोक्स व स्टीफन फिनी यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मधील संपादकीयात, सदोष आहाराची भरपाई धावण्याने होत नाही, असे प्रतिपादन केले. नोक्स हे स्वतः अनेक मॅरेथॉन धावलेले असून त्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह झाला. अर्थात त्यांच्या वडिलांनाही तो होता, त्यामुळे या उदाहरणावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. संपादकीयात व्यायामाचे महत्त्व कमी लेखले गेल्याची टीकाही झाली. त्याच वर्षी, लठ्ठपणाच्या चर्चेत व्यायामावर भर देणाऱ्या ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ या गटाला कोका-कोला कंपनीचे अर्थसाहाय्य असल्याचे ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने उघड केले आणि वर्षअखेरीस तो गट विसर्जित झाला.

शिफारशी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ती ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत आणल्यास अधिक लाभ संभवतो. मध व फळांचे रसही यात मोजले जातात. प्रत्येकी दोन चमचे साखर घातलेले चार कप चहा घेतल्यास ही दुसरी मर्यादा ओलांडली जाते. दीर्घ पल्ल्याचे धावपटू व सायकलपटू शर्यतीदरम्यान मुद्दाम साखर घेतात. ती स्नायूंत लगेच वापरली जात असल्याने त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.