मूत्राशय-उच्छेदन : शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेल्या कर्करोगावर संपूर्ण मूत्राशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला मूत्राशय-उच्छेदन किंवा रॅडिकल सिस्टेक्टॉमी म्हणतात. तिच्यात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी आणि स्त्रियांचे बहुधा गर्भाशयही काढले जाते. रुग्णालयातला मुक्काम साधारण एक ते दोन आठवड्यांचा असतो आणि तो लांबणे मुळीच विरळ नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने 2009 मध्ये 1,142 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 64 टक्के रुग्णांना पहिल्या 90 दिवसांत कोणती ना कोणती गुंतागुंत झाली होती. त्यांत पचनमार्गाच्या तक्रारी सर्वांत जास्त होत्या.

मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेत आतडे रखडते, याचे कारण लघवीच्या नव्या वाटेत आहे. अमेरिकन शल्यचिकित्सक यूजीन ब्रिकर यांनी 1950 मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत लहान आतड्याचा साधारण 15 ते 20 सेंटिमीटर तुकडा वेगळा करून त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात. त्याचे दुसरे टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढतात. हाच स्टोमा. उरलेले आतडे पुन्हा सांधले जाते. हाताळलेले आतडे काही दिवस हालचाल थांबवते आणि वेदनाशामक म्हणून दिलेली अफूवर्गीय औषधे ते आणखी सुस्त करतात.

पोट फुगते, उचक्या लागतात, हिरवट उलट्या होतात. मग नाकातून राइल्स ट्यूब घालतात, तोंडाने खाणे बंद होते, सलाईन चालू राहते. सकाळच्या राउंडला डॉक्टर विचारतात, ‘गॅस पास झाला का?’ त्याला रोज ‘नाही’ म्हणणे रुग्णाला फार खचवते. शेजारच्या खाटेवरचा माणूस चौथ्या दिवशी पेज पितो आणि आपल्याला पाण्याचा घोटही पचत नाही, तेव्हा आपलेच काही चुकले असे वाटू लागते. हा दोष रुग्णाचा नसतो. नातेवाइकांनी आग्रहाने काही भरवू नये. बहुतेकांचे आतडे आपणहून चालू होते. ते फारच लांबले, ताप आला किंवा पोट दुखू लागले, तर सांधा गळतो आहे का, अडथळा आहे का, हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन करतात.

डॅनिश शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात मांडलेल्या शीघ्र पुनर्लाभ पद्धतीने या काळाचे नियम बदलले. लवकर उठवून चालवणे, अफूवर्गीय औषधे कमी देणे आणि खाणे लवकर सुरू करणे हा तिचा गाभा आहे. च्युइंगगम चघळल्यानेही आतड्याला चालना मिळते. ड्रेन आणि पिशव्या सांभाळत वॉर्डात मारलेल्या चकरा फुप्फुसांनाही उपकारक ठरतात आणि पायातल्या रक्तवाहिनीत गाठ होण्याचा धोका घटवतात. त्यासाठीच हेपॅरिनवर्गीय इंजेक्शने घरी गेल्यावरही, अनेकदा चार आठवड्यांपर्यंत, चालू ठेवतात.

स्टोमा सुरुवातीला सुजलेला असतो आणि पुढचे सहा ते आठ आठवडे आक्रसत जातो, म्हणून पिशवीच्या चकतीचे भोक पुन्हापुन्हा मोजून कापावे लागते. लघवीत दिसणारे पांढरट धागे आतड्याच्या श्लेष्म्याचे असतात. ते पाहून घाबरू नये. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. हे काम घरी जाण्यापूर्वी रुग्णाने स्वतःच्या हाताने करून पाहिलेले असावे. ते केवळ पत्नीला किंवा मुलीला शिकवून पाठवणे अन्यायाचे आहे. लैंगिक क्षमतेवर होणाऱ्या परिणामाबद्दल रुग्ण संकोचाने विचारत नाहीत, तेव्हा तो विषय डॉक्टरांनीच काढायला हवा.

घरी थंडी वाजून ताप आला, स्टोमातून लघवी येणे थांबले किंवा एक पोटरी सुजली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. थकवा मात्र अनेक महिने टिकतो. ज्यांना आतड्याचेच नवे मूत्राशय बनवून देतात, त्यांना स्टोमा नसतो. पण कॅथेटर दोन-तीन आठवडे ठेवावा लागतो, नंतर घड्याळ लावून लघवीला जावे लागते आणि रात्री नकळत लघवी होण्याची तक्रार काहींना कायमची राहते.